मुक्या मोठा की तोफ्या

बाबा, मामा आज सकाळीही जेवला नाही. तुमच्या सुनेने कण्यांची पेज केली होती, मीठ बेताचं, वर तुपाचा थेंब. चमचा ओठाला लागला की तो ओठ मिटतो आणि भिंतीकडे तोंड फिरवतो. चिडत नाही, ओरडत नाही, नको असंसुद्धा म्हणत नाही. शहापूरच्या डॉक्टरांनी टॉर्च लावून घसा बघितला आणि म्हणाले, गिळायला काहीच अडचण नाही, त्यांना गिळायचंच नाहीये. नळी घालायची तर ठाण्याला न्यावं लागेल. मागच्या वेळी त्याने सलाइनची सुई स्वतःच्या हाताने उपटून काढली होती, चादर रक्ताने भरली होती, त्यामुळे नळीला मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. दुकान मधेच बंद करून त्याच्या खाटेशेजारी बसलोय आणि हे लिहितोय. तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला की आता मलाही चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही. तरी ही गोष्ट तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला विचारावी ते मला कळत नाही, कारण ही तुमच्या दोघांचीच भानगड आहे आणि तुम्ही ती अर्धवट टाकून गेलात.

मामा आटगावला आपल्या घरी आहे हे तुम्हाला कुठून माहीत असणार! मामी गेल्यावर तो धसईच्या घरात एकटाच राहायचा. मूलबाळ नाही, पण शेजारीपाजारी बघायचे. दिवाळीच्या आसपास शेजारच्याचा फोन आला. म्हणाला, "भाच्या, मामाला घेऊन जा रे तुझ्याकडं. आज टोकावड्याच्या ढाब्यावर सापडला. आमी इचारला, हितं काय करतो, तर बोलतो कंपनीची गाडी येल, सेकंड शिपला जायचाय." कंपनीला टाळं लागून किती वर्षं झाली! मी गेलो, त्याला रिक्षात बसवला, शहापूरवरून घरी आणला. वाटेत तो एकदाच बोलला. "भाडा तू देऊ नको, माझा पास हाय." मी हसलो, आणि मग नळपाणी योजनेच्या टाकीपाशी आल्यावर मला रडू आलं. रिक्षावाला आरशातून बघत होता म्हणून मी बाहेर तोंड काढून बसलो.

घरी आल्यावरसुद्धा खाण्याची रडच होती. सून जवळ बसायची, गोड बोलायची, मामा ढिम्म. एक दिवस मी दुकानातून आलो. पंपाच्या मोटारींना तार गुंडाळून गुंडाळून हात काळे झालेले, टक्कल तुमचं, पोट तुमचं, सदऱ्याची वरची दोन बटणं तुमच्यासारखीच उघडी. मामाने मान वळवून बघितलं आणि त्याचा चेहराच पालटला. "आलास काय भावजी? कवाची वाट बघतो तुझी. बोल आता, मुक्या मोठा का तोफ्या?" मी काही विचार केला नाही बाबा, तोंडातून निघून गेलं, "मुक्या." तो खवळला. मला सुनवायला त्याने तोंड उघडलं, आणि तुमची सून चमचा धरून बसलीच होती, तिने तो बरोबर आत सारला. मामाने घाईघाईने गिळलं, कारण त्याला बोलायचं होतं. मग मी पुन्हा काहीतरी बोललो, त्याने पुन्हा तोंड उघडलं. वाटी रिकामी झाली. आम्ही दोघं नवरा-बायको स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर आणि टॉवेल लावून हसलो. इतक्या दिवसांनी घरात कोणी हसलं होतं.

तेव्हापासून मी रोज दोन वेळा तुम्ही होतो. मी, ज्याला टेनिसमधलं ओ की ठो कळत नाही. आमचं सगळं क्रिकेट. आणि टेनिस तुम्हा दोघांना तरी कुठून लागलं, तर तुमच्या कंपनीच्या कॅन्टीनमधल्या टीव्हीमुळे. साहेबांनी तो टीव्ही बसवला आणि महिन्याभरात त्यांच्या लक्षात आलं की क्रिकेट लागलं की मशीनवर माणूस दिसत नाही. म्हणून क्रिकेटच्या दिवशी टीव्हीला कुलूप. टेनिसला मात्र कुलूप नव्हतं. मोठ्या साहेबाला स्वतःला त्याचा नाद, आणि त्याला वाटायचं, जाळीवरून इकडून तिकडे चेंडू ढकलणारी दोन गोरी माणसं, ती हे शहापूर-मुरबाडचे भातवाले कशाला बघत बसतील? एवढी एकच चूक त्या साहेबाने केली. चहाच्या सुट्टीत जे लागलेलं असेल ते बघायचं, या न्यायाने तुम्ही बघू लागलात, आणि दोन-तीन वर्षांत अख्खं कॅन्टीन टेनिसचं जाणकार झालं. पंधरा, तीस, आणि मग पंचेचाळीसच्या जागी चाळीस का, यावर डोकी फुटायची वेळ आली होती म्हणे. तेव्हा मामाने निकाल दिला, "पाच मापाडी घेतो." धसईच्या बाजारात भात मोजून देताना मापाड्याचा वाटा गेलेल्या माणसाला याहून वेगळं कारण लागत नाही. घरी येऊन तुम्ही ते आईला सांगितलंत आणि आई परातीतली भाकरी तशीच सोडून हसत बसली.

परदेशी नावं तुमच्या कोणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून तुम्ही त्यांची बारशी केलीत. तुमचा तो मुक्या. लाकडी बॅटच्या दिवसांतला, पंचाशी कधी हुज्जत नाही, हरला तरी चेहऱ्यावर रेष हलत नाही. मामाचा तोफ्या. तो नव्या हलक्या बॅटा आल्यावरचा, पहिलाच चेंडू असा मारायचा की समोरचा नुसता बघत राहायचा, आणि रागावला की बॅट आपटून मोडायचा. मुक्याने खेळणं सोडलं आणि तोफ्या आला. दोघांची गाठ कधी पडलीच नाही, म्हणून तुमच्या भांडणाला अंत नव्हता. मामा रविवारी धसईहून मुरबाड, मुरबाडहून शहापूर, तिथून आटगाव असा गाड्या बदलत यायचा. हातात पिशवी, पिशवीत कधी काकड्या, कधी नवं भात. ओटीवर पाय ठेवता ठेवताच म्हणायचा, "भावजी, तुझा मुक्या माझ्या तोफ्यापुढं दोन बॉल टिकला नसता." आणि तुम्ही आतून, "ये मेव्हण्या, आधी पाय धू." आई ओरडायची, "जेवताना तरी गप रवा गो बाय, कोन कुठले मेले, माझ्या घरात भांडतात!" ती तुम्हा दोघा पुरुषांनाही गो बाय म्हणायची, ते मला आत्ता लिहिताना आठवलं.

तुमचा सगळ्यात मोठा मुद्दा खळ्याचा. कोण मोठा ते त्यांच्या हिरव्या गवतावर नको ठरवू, आपल्या खळ्यावर आण दोघांना, असं तुम्ही म्हणायचात. ही मापं काढायची पद्धत जगात दुसऱ्या कोणाची नसेल. आणि तुम्ही ती एकदा करूनही दाखवलीत. धसईला झोडणी नुकतीच आटोपलेली, एका बाजूला पेंढ्याची उडवी, खळं चोपून सारवून पाटासारखं सपाट. साहेबाच्या बंगल्यामागे फेकलेली एक तुटकी बॅट मामाने उचलून आणलेली आणि तिला मासे धरायच्या तंगूसाची जाळी विणलेली. तुमच्या हातात मात्र सुताराकडून कापून घेतलेली सागाची फळी, कारण तुम्ही मुक्या आणि तो तोफ्या. मध्ये बैलांचा कासरा ताणून बांधलाय, चुलीतल्या राखेने रेघा मारल्यात. मी लहान, उडवीवर बसून बघतोय. मामा चपला घालून रेघेवर उभा राहतो आणि आजी, मामाची आई, घरातून अशी धावत येते की तिच्या हातातलं सूप तसंच. "खळ्यावर चपला! लाज वाटते काय नाय? लक्ष्मी हितं उतरली रे, ज्या जागेवर उभा तिथलाच खातोस ना?" मामाने मान खाली घालून चपला काढल्या, खळ्याबाहेर नीट जोडून ठेवल्या, जमिनीला हात लावून कपाळाला लावला. मग तुम्ही दोघं अनवाणी खेळलात. त्या दिवसापासून तुमच्या हाती हुकमाचं पान आलं. तुझा तोफ्या अनवाणी खेळेल काय? त्याचा बॉल सारवणावर मरेल, उसळणारच नाही, मग काय करेल तो? मामा नुसता फणफणायचा.

हे सगळं मी रोज त्याला पुरवत होतो. सकाळी खळ्याचा मुद्दा, संध्याकाळी पंचाशी हुज्जत घालण्याचा. पण तुमचे मुद्दे मला आठवून आठवून किती आठवणार? मी तेव्हा कान देऊन ऐकलेच नव्हते. दोन म्हातारे होत चाललेले पुरुष कधी न भेटलेल्या परक्यांसाठी भांडतात, यात लक्ष देण्यासारखं काय होतं? आता एकेक शब्द मी सुईने धागा उसवावा तसा आठवणीतून काढतोय. पोरगी ठाण्याला कामाला जाते, तिला मी हे सांगितलं. तिने मोबाइल काढून दाखवला. "बाबा, अख्खं जग ह्याच्यावरच भांडतंय, तुम्ही दोघंच नाही." आणि खरंच, कुठकुठल्या देशांतले लोक बाबा, एकमेकांना न ओळखणारे, तुमचंच भांडण करत बसलेत. ती वाचून अर्थ सांगत गेली. एक म्हणतो, किती कप जिंकले ते मोजा. दुसरा म्हणतो, जुन्यांच्या वेळी एवढ्या स्पर्धाच नव्हत्या, मोजणार काय? कोणी म्हणतो, आताच्यांच्या सोबत डॉक्टर असतो, मालिशवाला असतो, काय खायचं ते सांगायला वेगळा माणूस असतो, जुने आपली पिशवी आपणच उचलायचे. एकाने लिहिलं होतं, जे एकमेकांशी खेळले त्यांचीच तुलना करा, बाकीची बडबड बंद करा. त्या शहाण्याला आपल्या ओटीवर आणून बसवायला हवा होता. गाठ पडली असती तर मामा रविवारी आला असता कशाला?

पोरीने सांगितलेला पिशवीचा मुद्दा मामाला खूप आवडला. म्हणजे खूप झोंबला. त्या दिवशी त्याने भातसुद्धा खाल्ला. "डाक्टर हाय तर काय झाला? तुझ्या मुक्याला पन दिला असता डाक्टर, तरी त्याच्या हातात तोफ आली नसती." डोळे असे लकाकत होते की मला वाटलं हा बरा होणार, चालायला लागणार, मार्चमध्ये स्वतः धसईला जाऊन घराची कौलं शाकारणार. माणसाला वेड लागतं ते असं. मी दुकानात गिऱ्हाइकाची मोटार उघडून बसायचो आणि डोक्यात मुक्या-तोफ्या चालू असायचे. सकाळचं चुकलं तर संध्याकाळी भागवू असा हिशेब नव्हता हा, एक घास चुकला की तो त्याच्या अंगावरून दिसायचा. हाडं वर येत होती. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. मुद्दे संपले तर काय, या भीतीने मला जेवण जाईनासं झालं.

आणि मग मी ती घाण करून ठेवली. त्या संध्याकाळी माझ्याकडे काहीच नव्हतं. वाटी भरलेली, सून चमचा धरून बसलेली, मामा माझ्याकडे बघतोय, "बोल ना भावजी, गप का?" एक पंप दुरुस्तीला आला होता, तो डोक्यात होता, आणि मी बोलून गेलो. "मेव्हण्या, इहीर तीच. तिच्यावर पाच हॉर्सपॉवरचा पंप लावला तर पानी लांब जाऊन पडतं. म्हणून इहिरीला पानी जास्त लागला असं बोलशील काय? तुझ्या तोफ्याचा पंप मोठा, नवी बॅट ना. पानी मुक्याच्या इहिरीत जास्त." मला स्वतःलाच माझं कौतुक वाटलं. वाटलं, आता हा उसळणार, निदान चार घास जाणार. मामा उसळला नाही. विहिरीच्या काठावर वाकून बघावं तसं त्याच्या चेहऱ्यावर आलं. मग हळूच म्हणाला, "पटला रे भावजी." मी म्हटलं, काय पटला? "तुझाच मोठा. मुक्याच मोठा. एवढी वर्सं मी उगाच बोललो." आणि हसला, बाबा. सुटका झाल्यासारखा, अगदी गोड हसला. तोंड मिटलं आणि कूस बदलली. त्यानंतर त्या ओठांतून पेजेचा थेंब आत गेला नाही, पाणी कसंबसं कापसाने पाजतो.

कसा जिंकलो बघा! तुम्ही जन्मभर ज्यासाठी भांडलात ते मी त्याच्याकडून घेतलं, आणि घेऊन काय करू? ते ऐकायला तुम्ही तरी असायला हवे होतात. पण खरा दणका मला नंतर बसला. विहिरीचा मुद्दा माझा नवा नव्हताच. आई जाऊन वर्ष झालं असेल. रविवारी मामा येऊन भांडून गेला होता आणि आपण दोघं त्याला फाट्यावर गाडीत बसवून चालत परत येत होतो. मी नुकताच मोटारीचं काम शिकायला लागलो होतो, नवीन शिकलेल्याला जशी खाज असते तशी मला होती. हाच विहीर-पंपाचा मुद्दा मी तुम्हाला ऐटीत सांगितला आणि विचारलं, हे त्याच्या तोंडावर का मारत नाही, एका झटक्यात गप्प होईल. तुम्ही थांबलात. बिडी काढलीत, पेटवली नाहीत. "ता मना कवाचा ठाव हाय," तुम्ही म्हणालात. मग बोलत का नाही? "बोललो तर तो पुढल्या रईवारी कशाला येल? तुझी आय होती तवर बहिनीकडं येत होता. आता आय नाय. आता त्याचा नि माझा ह्याच उरला. इहिरीचा त्याच्यासमोर कधी काढू नको, समाजला?" मी समजला म्हटलं. आणि विसरून गेलो, इतका विसरलो की इतक्या वर्षांनी तेच माझ्या तोंडात आलं तेव्हा मला ते नव्यानेच सुचल्यासारखं वाटलं. हातचा हुकमाचा पत्ता तुम्ही मरेपर्यंत दाबून ठेवलात आणि मी तो एका पेजेच्या वाटीसाठी टाकून बसलो.

तुम्हाला स्मशानात नेलं तेव्हा मामा काय म्हणाला होता, ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं. सगळे परतले तरी हा उभाच. मी हात धरून ओढलं तर म्हणाला, "वाद अर्धा ठेवून गेला रे तुझा बा." नंतरही तो येत राहिला. तुमचा वाद माझ्याशी घालायचा प्रयत्न करायचा, मी हो हो म्हणून वेळ मारून न्यायचो. त्याने नव्या नव्या खेळाडूंची बारशी केली, ती मला ऐकवली, कधी टीव्हीसमोर बसून म्हणाला, हा भावजीने बघायला पायजे होता. हळूहळू त्याचं येणं सणावारावर आलं.

मी सगळं करून बघितलं बाबा. दुसऱ्याच दिवशी म्हटलं, "मेव्हण्या, मी खोटं बोललो, तुझाच तोफ्या मोठा." त्याने डोळेसुद्धा उघडले नाहीत. "आता कशाला? जिकलास ना." मोबाइलवर आत्ताची मॅच लावून त्याच्यासमोर धरली. तो दिव्याकडे बघावं तसा बघत राहिला. काल मात्र माझा तोल गेला. मी ओरडलो त्याच्यावर. म्हटलं, "मरायचंय तर सरळ सांग, आमची का फरफट करतोस?" वाटी माझ्या हातून फेकली गेली का निसटली ते मलाच सांगता येणार नाही. सून पेज पुसत राहिली आणि तिचे खांदे हलत होते. मला भीती वाटते. तो जाईल, माणूस म्हातारा झाला की जातोच, ते मला कळतं. पण या जगात भावजी म्हणून तुम्हाला हाक मारणारं ते एकच तोंड आहे, आणि ते माझ्या बोलण्याने मिटलं आहे. तो गेल्यावर तुम्ही कोणाचे भावजी? आई गेली, नोकरीवरचे सगळे गेले. माझे तुम्ही बाबा, तेवढेच. बाकी सगळे तुम्ही त्या खाटेवर पडला आहात, हाडांचा सापळा होऊन.

आज दुपारी जे झालं ते सांगतो आणि थांबतो. दुकानात मन लागेना म्हणून कुलूप घालून आलो. तडक खोलीत शिरलो, पायातल्या चपलांचं भान नव्हतं. मामा जागा होता. त्याचे डोळे हलले, माझ्या तोंडाकडे नाही, खाली, पायांकडे. तिथेच थांबले. किती दिवसांनी त्याने कशाकडे तरी नीट बघितलं होतं. मी चपला काढायला वाकलो आणि वाकल्या वाकल्या मला ते सुचलं. की तुम्ही सुचवलंत, देव जाणे. मी चपला तशाच ठेवल्या आणि तुमच्या आवाजात म्हणालो, "मेव्हण्या, ऐकला काय? मुक्या आलाय खळ्यावर. चपला घालून."

मामाच्या कपाळावर आठी आली. सावकाश आली, पण आली. ओठ सुटले. "चपला काढ असा बोल त्याला."

"ऐकत नाय. उभा हाय रेघेवर."

"आय बघल ना!" आवाज नव्हताच, वारा होता नुसता. मग म्हणाला, "नि तोफ्या?"

सून वाटी घेऊन दारात येऊन उभी होती, तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना. मी म्हटलं, "तोफ्या अनवाणी. कवाचा उभा हाय. भुईला हात लावून नमस्कारसुद्धा केलाय त्याने."

बाबा, तुमच्या मुक्याला मी खळ्यावर चपला घालायला लावल्या. तुमच्या हुकमाच्या पानाचा मी असा चोळामोळा केला. पण मामाच्या तोंडावर जे पसरलं ते बघायला हवं होतं तुम्ही. तो म्हणाला, "मंग!" आणि त्या मंगसाठी जेवढं तोंड उघडलं तेवढ्यात सुनेने पुढे होऊन चमचा टेकवला. पेज आत गेली. गळ्याची घाटी वर-खाली झाली. दुसरा घास ओघळून मानेवर आला, तिसऱ्याला तोंड उघडलं नाही, पण एक आत गेला. मी चपला काढल्या, बाहेर नेऊन जोडून ठेवल्या आणि परत येऊन बसलो. तो डोळे मिटूनच बोलला, "ठेवल्या का भाईर? खेळू दे आता. पयला बॉल कोनाचा, भावजी?"

मी उत्तर जुळवेपर्यंत त्याला झोप लागली. अजून झोपलाय, छाती हलतेय, मी लिहिता लिहिता मधून मधून बघतोय. उठला तर पहिलं तेच विचारणार. हा कागद मी कुठे टाकणार, याला पत्ताच नाही, दुकानात तारेच्या रिळांखाली पडून राहील. म्हणून एक कबूल करायला हरकत नाही. वर खळ्यावरची सगळी गोष्ट मी तुम्हाला ऐटीत सांगितली ना, की तुम्ही दोघं अनवाणी खेळलात म्हणून? ते मी बघितलेलंच नाही. आजी ओरडली, मामाने चपला काढल्या, तिथपर्यंतच माझं. पुढे ऊन लागलं, पेंढा गरम होता, मला झोप लागली. जागा झालो तेव्हा कासरा सोडलेला होता, राखेच्या रेघा पुसलेल्या होत्या आणि तुम्ही दोघं शेताच्या मेरेवर बसून पाणी पीत होतात. पहिला चेंडू कोणी मारला, जिंकलं कोण, मला माहीत नाही. तुम्ही दोघांनी कधी सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही.